ठक् न वाजलेली तबकडी

जिन्याखालच्या खोलीत तो जुन्या तबकड्या धुतो, रेकॉर्डप्लेयर दुरुस्त करतो. आमच्या मोर्चांचे भोंगेही तोच लावतो. आम्ही त्याला काडी म्हणतो. अंगाने तसाच, आणि पेटतोही पटकन.

या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाइकाकडून आलेली तबकडी उजेडात धरून तपासायची. घरच्या माणसाकडून आलेली कव्हरातून काढायचीसुद्धा नाही. काढली तर तोंडावर चोर म्हटल्यासारखं. मला ही रीत कधीच पटली नाही. कपाटाची किल्ली कुठे असते, ते घरच्यांनाच तर ठाऊक असतं!

काडीकडे एका रॉक बँडचा पहिलावहिला अल्बम होता, मूळ छापाचा. पुढे त्या पोरांनी मैदानंच्या मैदानं भरून टाकली, पण तेव्हा त्यांना कुत्रं विचारत नव्हतं. प्रती निघाल्या मोजक्याच. ही काडीच्या थोरल्या भावाची. नाचता नाचता तो टेबलाला धडकला आणि तबकडीवर ओरखडा उठला. पहिल्या गाण्यात गायक बेंबीच्या देठापासून ओरडतो, की लगेच ठक्! भाऊ गेला. ठक् तेवढं उरलं.

काडीच्या साडूचं तबकड्यांचं मोठं दुकान. "साडूभाऊ, द्या की जरा. काचेत लावतो, चार लोक बघतील," तो म्हणाला. काडीने दिली. परत आली तशी, रीतीप्रमाणे न बघता, कपाटात ठेवली.

एका संध्याकाळी भावाची आठवण आली म्हणून त्याने ती लावली. मी तिथेच होतो. गायक ओरडला. काडीने बोट वर केलं. गाणं गुळगुळीत पुढे गेलं.

"धुताना पुसला गेला असेल," मी म्हटलं.

"ओरखडा पुसला जातो का रे, शहाण्या?"

तबकडी घेऊन आम्ही तडक साडूचं दुकान गाठलं. साडू हसत म्हणाला, "अहो, उलट नवीकोरी दिली की तुम्हाला! छाप नंतरचा आहे, पण वाजते झकास. तुमच्या त्या ओरखडेवालीसाठी एक शौकीन पायाच पडला हो."

"भावाची होती ती."

"गाणी तीच आहेत ना?"

माझं टाळकं सटकलं. "उद्या माणसं आणतो, याच्या दारातच बसतो!"

"तू गप्प बस," काडी म्हणाला. "वरच्या मजल्यावर माझ्या बायकोची बहीण राहते."

त्याने तबकडी काढून गल्ल्यावर ठेवली. रिकामं कव्हर उलटसुलट करून पाहिलं, कोपऱ्यांवरून बोट फिरवलं.

"हे तरी माझंच आहे ना?"

साडू फडकं घेऊन काच पुसायला लागला.