सुट्या भागांचा सूर

सिंथेसायझरचं, म्हणजे विजेवर सूर काढणाऱ्या वाद्याचं, तयार मॉड्यूल आता सहज परवडतं, तरी मी सुट्या भागांचं किटच मागवते. तारा जोडताना सोल्डरच्या धुराचा वास आला की ओतूरचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, घरातली पहिली पदवीधर मी, तेव्हा तिथं पहिलंच किट जोडत होते.

“तयार मिळत व्हतं ना, मेव्हणीबाई? न्हाई वाजलं तर शिक्षण पाण्यात!” दाजी हसले. आई कुंकवाचा करंडा घेऊन उभी होती.

शेवटची तार जोडून मी बटण दाबलं. आधी काहीच नाही. मग स्पीकरमधून जाड, लांबलचक सूर निघाला.

“म्हशीगत हंबरतंय,” दाजी म्हणाले.

“हंबरू दे,” म्हणत आईनं मॉड्यूलला कुंकू लावलं. “इकत आणलं न्हाई, पोरीनं केलंय.”

तेव्हा दाजींची जिरवल्याचाच आनंद झाला. आज वाटतं, माझी पदवी आईला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली.