पाठीवरचं गवत

स्वित्झर्लंडमधल्या आमच्या आपेनझेलमध्ये कंबर धरो की पित्त उठो, माणूस आधी बाबेटमावशीचं दार ठोठावतो. लाकडाच्या भुशाच्या आखाड्यात कुस्ती खेळताना माझा नवरा गालुस डोक्यावर आपटला, तेव्हा तोही तिथेच गेला. मावशीने त्याला उंबऱ्यावरूनच पिटाळलं.

"आधी इस्पितळात जा. डोक्यात रक्त साकळलंय का, ते माझ्या काढ्याला दिसत नाही."

इस्पितळात डॉक्टर धोका नाही म्हणाले, विश्रांती सांगितली. मग मावशीने त्याचा ताबा घेतला. आधी अंधारी खोली, बंद फोन आणि लिंडनच्या फुलांचा काढा, मग हळूहळू कुरणातून फेरफटका. बरं वाटताच गालुस उसळला.

"मावशी, रविवारी कुस्ती आहे. तुझा काढा आता गाईला पाज."

"गाय तुझ्यापेक्षा शहाणी आहे, गप निजते तरी. चल, डोळे मिटून एका पायावर उभा राहा."

आमचा पैलवान तिच्या गोठ्यातल्या गवतात धाडकन आडवा झाला. मावशीने त्याला उठवलं, वळवलं आणि त्याच्या पाठीवरचं गवत झटकलं. आखाड्यात जिंकणारा हरलेल्याच्या पाठीवरचा भुसा अस्साच झटकतो. गालुस गुमान घरी येऊन झोपला.

पानगळ सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी त्याला कुस्तीची मोकळीक दिली. तो थेट मावशीच्या गोठ्यात गेला, डोळे मिटून एका पायावर खांबासारखा उभा राहिला आणि मग तिच्या खांद्यावरची गवताची काडी झटकून म्हणाला, "हरलीस, मावशी."

"केवढा वेळ लावलास रे, बैला!"