काउंटीकाकांचं पहिलं मत

निवडणुकीच्या संध्याकाळी काउंटीकाका टीव्हीचा आवाज बंद ठेवत. अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला पक्षांच्या प्रायमरी निवडणुका राज्याराज्यांतून सुरू झाल्या, की न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या त्यांच्या घरी आम्ही आठ-दहा मराठी मंडळी निकाल बघायला जमायचो. पडद्यावर सूटबूटवाले हातवारे करत असायचे, नकाशे रंग बदलत असायचे, आणि खोलीत आवाज असायचा तो चिवड्याचा आणि काकांचा. कोणी रिमोटकडे हात नेला तर ते म्हणायचे, "आकडे दिसतायत ना? मग ती माणसं काय बोलतायत याच्याशी तुला काय करायचंय?"

काका मूळचे मिरजेचे. तरुणपणी इंजिनिअर होऊन इथे आले आणि जन्मभर हॉस्पिटलांतली एक्स-रे मशीनं दुरुस्त करत फिरले. कुठल्या तरी आडगावात मशीन बंद पडलं की काका गाडी काढायचे. त्यामुळे हा देश त्यांना शहरांनी नाही, काउंट्यांनी पाठ होता. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका. पडद्यावर एखादी काउंटी उजळली की काका सांगायचे, "इथल्या निकालाची घाई करू नका. इथले लोक डायनरमध्ये ऑर्डर द्यायला वीस मिनिटं लावतात." किंवा, "इथे एका नर्सबाईंनी मला थंडीत नवऱ्याचा स्वेटर दिला होता. चांगली माणसं आहेत, पण हट्टी." राजकीय विश्लेषण म्हणून हे कितपत टिकलं असतं मला माहीत नाही. पण आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी ऑफिस, घर आणि इंडियन ग्रोसरी यांच्या पलीकडची अमेरिका पाहिली ती काकांच्या त्या सोफ्यावरून.

माझा नवरा निखिल तेव्हा नुकताच पुण्याहून बदली होऊन आलेला. पहिल्याच संध्याकाळी दोन टक्के मतमोजणी झाली आणि त्याचा आवडता उमेदवार पुढे दिसला. निखिलने ताबडतोब टेक्सासमधल्या मित्राला फोन लावला. "जिंकला यार, डन आहे!" काकांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"निखिल, कुकरची पहिली शिट्टी झाली की तुमच्याकडे पानं वाढायला घेतात का?"

"पण काका, लीड बघा ना केवढी आहे."

"अरे, आत्ता नुसती गावं मोजलीत. शहर यायचंय अजून."

तासाभराने शहर आलं आणि निखिलचा उमेदवार तिसऱ्या नंबरवर गेला. हरणाऱ्याने भांडी घासायची असा त्या घरचा नियम होता. पुढची दोन वर्षं काकू निखिलला 'दोन टक्के' म्हणून हाक मारत.

काका चुकायचेही. एकदा मिशिगनच्या निकालात त्यांनी एका काउंटीवर बोट ठेवून छातीठोकपणे सांगितलं, की इथे कारखान्याचे कामगार आहेत, हे अमुकच बाजूला जाणार. ती काउंटी बरोब्बर उलट्या बाजूला गेली. निखिलने फोनवर शोधून सांगितलं, की तो कारखाना केव्हाच बंद झालाय. सगळे हसले. काका हसले नाहीत. "गेटसमोर एक बाई सूप विकायची," ते म्हणाले. "तिचं काय झालं असेल?" त्या दिवशी भांडी त्यांनी घासली, आणि पुष्कळ वेळ घासली.

आणि मग ती फेब्रुवारीतली संध्याकाळ आली. काकांची नात अन्वी शाळेतून नागरिकशास्त्राचा प्रोजेक्ट घेऊन आली होती. काका तिला प्रायमरी समजावत होते आणि ती भराभर लिहून घेत होती. शेवटी तिने विचारलं, "आजोबा, हू डिड यू व्होट फॉर? लास्ट टाइम?"

काका चिवड्यातले शेंगदाणे निवडू लागले.

"सांगा की आता," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. मग त्यांनीच सांगितलं. "अगं, तुझे आजोबा सिटिझनच नाहीयेत. पस्तीस वर्षं ग्रीन कार्डावर आहेत. मत मी देते. हे मला गाडीतून पोचवतात आणि घरी येईपर्यंत विचारत बसतात, कोणाला दिलंस, कोणाला दिलंस!"

"यू नेव्हर व्होटेड? एव्हर?" अन्वीचं पेन थांबलं. सबंध देशाच्या मतांचा हिशेब ज्यांच्या तोंडी, त्यांनी स्वतः एकदाही मत दिलं नव्हतं! निखिल हसायला लागला. मी त्याला कोपराने ढोसलं, कारण काकांचे कान लाल झाले होते.

सगळे गेल्यावर मी डबे आवरायला थांबले होते. काका आपणहून बोलले. "विमानतळावर वडील आले होते सोडायला. पासपोर्ट स्वतःच्या हाताने माझ्या खिशात घातला आणि म्हणाले, हा सांभाळ, परत यायला लागेल. तुझी काकू सिटिझन झाली तेव्हा मलाही फॉर्म आणला होता तिने. पण सिटिझन व्हायचं तर आपला पासपोर्ट परत करावा लागतो, आणि तो परत करायचा म्हटलं की हात पुढे होईना. वडील जाऊन वीस वर्षं झाली. यायचं राहिलंच." एवढं बोलून त्यांनी मला चिवडा बांधून दिला.

अन्वी मात्र सोडणारी नव्हती. दर रविवारी तिचा फोन. "आजोबा, डिड यू फिल द फॉर्म?" काकांनी फॉर्म भरायला अडीच वर्षं लावली. नागरिकत्वाच्या मुलाखतीला मीच त्यांना घेऊन गेले, कारण काकूंच्या मते काका गाडी चालवताना उत्तरं पाठ करत असत आणि सिग्नल विसरत. आत अधिकाऱ्याने त्यांना एका मोठ्या नदीचं नाव विचारलं. काकांनी नदी सांगितली, तिच्यावरचे पूल सांगितले आणि कुठल्या पुलावर हिवाळ्यात जपून जावं तेही सांगितलं. अधिकारी म्हणाला म्हणे, "सर, एकच उत्तर पुरे."

शपथ झाली वसंतात. न्यू जर्सीची प्रायमरी जूनमध्ये, जवळजवळ सगळ्यांच्या शेवटी. तोवर दोन्ही पक्षांचे उमेदवार कधीच ठरून गेले होते. निखिल म्हणाला, "काका, आता मत देऊन काय उपयोग? गेम ओव्हर आहे."

"निकाल लागला म्हणून काय झालं?" काका म्हणाले. "मोजायला तर लागेल त्यांना."

इस्त्रीचा शर्ट घालून ते शाळेच्या जिममधल्या मतदान केंद्रावर आले. पाठीमागे काकू, त्यांच्या पाठीमागे आम्ही, मतदार नसलेली वरात. प्रायमरीत कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगावं लागतं. काकूंना कळू नये म्हणून काका टेबलावर ओणवे झाले आणि तिथल्या वयस्कर बाईंच्या कानाशी पुटपुटले. बाईंना ऐकू कमी यायचं. त्यांनी पक्षाचं नाव अख्ख्या जिमला ऐकू जाईल अशा आवाजात उच्चारून विचारलं, "हाच ना, सर?"

काकू म्हणाल्या, "अगंबाई! इतकी वर्षं उगाच भांडलो की हो आपण!"

काही दिवसांनी आमच्या वॉर्डाचे आकडे जाहीर झाले. काकांनी ते कागदावर छापून घेतले, चष्मा पुसला आणि त्यांच्या उमेदवारासमोरच्या आकड्याखाली पेन्सिलने रेघ मारली. "यातलं एक माझं आहे," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना कुठल्याच आकड्याबद्दल असं बोलताना कोणी ऐकलं नव्हतं.

नोव्हेंबरातही त्यांनी मत दिलं. जानेवारीत, बर्फ काढताना नव्हे की गाडी चालवताना नव्हे, दुपारी जेवून सोफ्यावर पडले ते उठलेच नाहीत.

जूनमध्ये राज्याची प्रायमरी होती. त्याच्या आधी मी काकूंकडे गेले, तर टेबलावर मतदारांना आधी घरपोच येते त्या नमुना मतपत्रिकेची दोन पाकिटं पडली होती. एक काकूंच्या नावाचं, एक काकांच्या.

"काकू, निवडणूक ऑफिसला कळवायला हवं ना? मी फोन करू का?"

काकूंनी काकांचं पाकीट उचललं, त्याच्यावरचं नाव वाचलं आणि ते आपल्या पाकिटाखाली नीट ठेवलं.

"करू या," त्या म्हणाल्या. "एवढी निवडणूक होऊ दे. आत्ता कुठे यादीत आले होते."