गोलकीपरनं हात का लावला नाही

वेल्ह्याच्या तहसील कचेरीत कारकून म्हणून लागलो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. घर भोरला, पण रोज ये-जा करण्याइतक्या गाड्या नव्हत्या, म्हणून बाजाराजवळ एक खोली घेऊन राहिलो होतो. सत्तर सालाच्या आसपासची ही गोष्ट. तिथं कुस्तीवर बोलायला कुणीही भेटायचं, फुटबॉलवर कुणीच नाही. मला तो नाद पुण्यात कॉलेजला असताना लागला होता. पुण्याचा पेपर दुपारच्या एस.टी.नं यायचा. मी स्टँडजवळच्या हॉटेलात चहा सांगायचो आणि आधी खेळाचं पान उघडायचो.

एका बाजारच्या दिवशी समोरच्या बाकड्यावरच्या माणसानं विचारलं, "भाऊसाहेब, कलकत्त्याच्या फुटबॉल म्याचचं काय झालं वो?"

मी चमकलोच. माणूस पन्नाशीचा, अंगात जुना खाकी कोट. गुंजवण्याकडच्या बौद्ध वस्तीतले ते. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आता घरची भातखाचरं बघत होते. नोकरीतली बरीच वर्षं ते पलटणीच्या संघात गोलकीपर होते. मी बातमी वाचून दाखवली. त्यांनी नीट ऐकून घेतली आणि म्हणाले, "आता माझं एक सांगा. कॉर्नर मारलाय, आन् आपला गडी कीपरच्याबी म्होरं उबा हाय. ऑफसाइड हुईल का?"

"होणारच की."

"न्हाई हुनार. कॉर्नरला ऑफसाइड नसतो."

तिथून आमचं सुरू झालं. दर बाजारला एक प्रश्न त्यांचा, एक माझा. पैज वगैरे काही नसायची. माझे प्रश्न पेपरातले असत: कुठल्या देशानं जगज्जेतेपद कितीदा मिळवलं, अंतिम सामन्यात किती गोल झाले. हवालदारांना त्यातलं फारसं यायचं नाही, पण त्याची त्यांना लाज नव्हती. "आमाला कुटलं म्हाईत असायला," म्हणत ते उत्तर ऐकायचे आणि पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न हॉटेलवाल्याला घालायचे. त्यांचे प्रश्न मात्र मैदानातले. पंचाच्या पाठीला लागून चेंडू गोलात गेला तर? कोपऱ्यातलं निशाण किती उंच? मी हटकून चुकायचो. चुकलो की हसण्यावारी न्यायचो, पण आत कुठंतरी खुपायचं. पदवीधर मी, आणि चौथी शिकलेला माणूस मला शिकवतोय, हे खुपणं मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

एकदा माझी बाजू भक्कम करायला मी त्यांना माझ्या गोलची हकिगत सांगितली. आयुष्यात मी एकच गोल केला होता. हॉस्टेलांच्या सामन्यात बाहेर गेलेला चेंडू मी दोन्ही हातांनी डोक्यावरून असा फेकला की तो कुणालाही न लागता थेट जाळीत गेला. समोरचा गोलकीपर बघतच राहिला. आम्ही त्या गोलवर जिंकलो, पोरांनी मला खांद्यावर घेतलं. तो गोलकीपर नंतर पंचाशी हुज्जत घालत होता, तर आम्ही त्याची टर उडवली. पुढं वर्षभर त्याला 'पुतळा' म्हणून हाक मारत होतो.

हवालदार हसले नाहीत. कपातला चहा त्यांनी बशीत ओतला. "भाऊसाहेब, आजचा माझा सवाल ह्योच. त्या कीपरनं हात का लावला न्हाई?"

"घाबरला असेल."

"घाबरल्याला मानूस हात वर करतो. बगा इचार करून."

त्यांनी उत्तर सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी मी नसरापूरला गाडी बदलून पुण्याला गेलो, कॉलेजच्या जिमखान्यात नियमांचं पुस्तक मागून घेतलं. त्यात स्पष्ट छापलं होतं: बाहेरून हातानं फेकलेला चेंडू कुणालाही न लागता थेट गोलात गेला तर तो गोल नाही. गोलकीपरचं बोट जरी लागलं असतं, तरी गोल धरला गेला असता. आमच्या त्या पंचाला, म्हणजे शेवटच्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याला, हे माहीत नव्हतं. मैदानावरच्या बावीस जणांत एकट्या त्या मुलाला माहीत होतं, आणि म्हणूनच तो हात खाली ठेवून उभा होता.

त्यानंतरचे तीन बाजार मी हॉटेलात गेलो नाही. साहेबांनी काम दिलंय, असं हॉटेलवाल्याकरवी कळवत राहिलो. चौथ्या आठवड्यात हवालदार सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी कचेरीतच आले. माझ्या टेबलाशी उभे राहिले, पण प्रश्नाचं नाव काढलं नाही. उतारा हातात घेऊन निघाले तेव्हा मीच म्हणालो, "हवालदार, त्याला नियम माहीत होता."

"व्हय."

"तुम्ही त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"माझ्या सांगन्यानं तुमी मानलं नसतं," ते शांतपणे म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले. "मला नियम म्हाईत हुता, तरी म्या हात लावला हुता. पलटनीची फायनल. असाच हातानं फेकल्याला चेंडू वरनं आला, मन म्हनतंय सोड, पर हात ऐकंना. बोट लागलं, गोल झाला, आमी हारलो. कीपरचं हात आवरत न्हाईत, भाऊसाहेब. त्या पोरानं आवरलं, मंजी लई मोठा कीपर हुता त्यो."

तो मुलगा आता पुण्यात एका शाळेत मास्तर आहे, एवढं मला ऐकून माहीत होतं. शाळेच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकलं. चार वेळा खोडून शेवटी इतकंच लिहिलं: तो गोल नव्हता, तू बरोबर होतास, आम्ही तुझ्याशी वाईट वागलो. खाली हवालदारांचं म्हणणं जसंच्या तसं उतरवलं.

उत्तर यायला महिना लागला. माझ्या माफीबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. 'तुझ्या हवालदारांना नमस्कार सांग,' असं होतं, आणि खाली त्यांच्यासाठी एक प्रश्न: अप्रत्यक्ष फ्री किक चुकून थेट स्वतःच्याच गोलात गेली, तर पंच काय देईल?

बाजारच्या दिवशी मी कार्ड वाचून दाखवलं. हवालदारांनी ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि जपून कोटाच्या खिशात ठेवलं. उत्तर त्यांना येत होतं, हे मला दिसत होतं.

"त्यांना लिवा," ते म्हणाले, "आठ दिस लागतील म्हनावं. चांगल्या सवालाला लगीच जबाब देऊ नये."