पांढरीच राहिलेली चौकट

माझ्या नणंदेला घरात सगळे भिंगरी म्हणतात. ती वेबसाइट बनवते, पण खुर्चीत टेकून कधी नाही. चार ओळी लिहायच्या, गॅलरीत चक्कर मारायची, माझ्या डब्यातले शेंगदाणे तोंडात टाकायचे, की पुन्हा उभ्यानंच दोन ओळी.

आज सकाळी मी देवापुढे बसले होते. डोळे मिटलेले, पण कान तिच्या चपलांकडे. फट फट फट. रक्तपेढीतून फोन आला होता. तिनं बनवलेल्या पानावर एका दुर्मीळ रक्तगटाचा साठा ठीक दिसला, म्हणून एक ड्रायव्हर बायकोच्या उद्याच्या ऑपरेशनसाठी तिथं धावत गेला. पेढीत त्या गटाची एकही पिशवी नव्हती.

"वहिनी, देवाला सांग ना काहीतरी."

"सांगतेय. तू आधी घिरट्या थांबव, त्याला ऐकू तरी येऊ दे."

"पानाच्या साच्यात मी अट घातलीय गं. साठा कमी असला की त्या गटाच्या चौकटीला 'तुटवडा' हा क्लास, म्हणजे खुणेची चिठ्ठी, लागतो, आणि तो लागला की चौकट लाल. एरवी पांढरी. मग ही मेली पांढरी का?"

अट वाचून वाचून डोळे दुखले, तेव्हा तिनं पेढीतल्या कारकुनालाच फोन लावला.

"दादा, साठा संपला की तक्त्यात त्या गटाच्या रकान्यात काय लिहिता?"

"संपल्यावर काय लिहायचं, ताई? आकडा पुसून टाकतो."

भिंगरी जागच्या जागी थबकली. "रिकामा रकाना म्हणजे भरायचा राहिलाय, असं मी धरलं होतं. तो दिसला की अट तपासायचीच नाही, असं मीच लिहिलंय!"

रिकामा असला तरी लाल, अशी तिनं अट बदलली. चौकट लालभडक झाली. मी हात जोडले.

"झालं बाई एकदाचं."

"कुठं झालं? रंग आला, पिशवी आली का?" ती पर्स शोधत होती. "हा गट माझाच आहे, वहिनी."

"उपाशीपोटी रक्त घेत नाहीत. आधी जेव."

ती चक्क बसून जेवली. पाय तेवढे टेबलाखाली नाचत होते.

दुपारी तिचा फोन आला. "घेतलं गं रक्त. तपासणी झाली की ड्रायव्हरच्या बायकोला देणारेत. लाल चौकट बघून अजून एक बाई रक्त द्यायला आलीय. आणि तो ड्रायव्हर शेजारीच बसलाय. माझ्यासारखाच पाय हलवतोय."

"आणि तू?"

"मला हलू देत नाहीयेत!"