जाळी कुठून आणली

स्क्रीन प्रिंटिंगच्या धंद्यात मोडण्यासारखं फार काही नसतं. एक लाकडी चौकट, तिच्यावर ताणून ठोकलेली बारीक जाळी, शाई ओढायची रबरी पट्टी, आणि चौकट टेबलाला धरून ठेवणाऱ्या दोन बिजागऱ्या. पण लाखनीसारख्या गावात यातली एक वस्तू बिघडली, की ती परवडेल अशा भावात आणायची कुठून, या एका प्रश्नात माझ्या तरुणपणाची दहा-बारा वर्षं गेली. त्यातली एक जाळी कुठून आणली, याबद्दल मी खोटं बोललो होतो. ज्यांना ते आधी सांगायला हवं होतं त्यांना सांगून झालं आहे, म्हणून आता लिहायला हात धजतो. नाही तर मी मुळात बोलणारा माणूस नाही.

आमचं किराण्याचं दुकान हायवेला लागून. त्याच्या मागच्या खोलीत मी छपाई मांडली, ती सत्तरच्या दशकाच्या शेवटाशेवटाला. भागीदार एकच. ते एकोडीकडे शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत, मीही. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे. रविवारी सायकलनं साकोलीपर्यंत यायचे आणि तिथून बसनं लाखनीला. चित्र आणि अक्षर त्यांचं, छपाई आणि सामान माझं, अशी वाटणी होती.

जाळी नागपूरला इतवारीत मिळायची, मीटरवर. पहिल्यांदा भाव ऐकला तेव्हा मी दुकानाबाहेर येऊन नुसता उभा राहिलो होतो. मग सुरू झाले आमचे प्रयोग. वहिनीची जुनी नायलॉनची साडी ताणली. छापताना जाळी अशी सरकली, की एकच नाव दोनदा उमटलं. आमच्या जिल्ह्यात कोसा रेशीम विणतात, म्हणून एका विणकराकडून कोशाचा तुकडा आणला. तो पाणी लागताच ढिला पडला आणि अक्षरांना केस फुटले. गुरुजींनी तो कागद उजेडात धरला.

"काय गा, हे नवरदेवाचं नाव हाय का सुरवंट?"

शेवटी इतवारीतल्याच एका जाळीवाल्यानं मार्ग दाखवला. त्याच्याकडे मोठ्या गिऱ्हाइकांना कापून उरलेले तुकडे एका पोत्यात पडलेले असायचे, ते तो वजनावर द्यायचा. जमिनीवर बसून ते पोतं उपसायचं आणि दीड-दोन हाताचा, भोक नसलेला तुकडा शोधायचा. कधी मिळायचा, कधी नाही. रबराचं मात्र घरच्या घरी जमलं. राईस मिलमध्ये धान सोलायला रबराचे रोल असतात, ते झिजले की मिलवाले फेकून देत. त्यावरचं उरलेलं रबर मी सोलून आणायचो. त्याला रोलची गोलाई असायची. दोन फळ्यांत दाबून आठ दिवस उन्हात ठेवलं, की पट्टी सरळ व्हायची. बिजागऱ्या जुन्या पेटाऱ्यांच्या. गुरुजी म्हणायचे, आपल्या कारखान्यात नवीन म्हणून काही असेल तर ते तुझ्या-माझ्या अंगातलं रक्त.

त्या काळी आमच्याकडे चित्राच्या फक्त दोन चौकटी होत्या, दोन्ही चांगल्या जाळीच्या. एकीवर गणपती. लग्नपत्रिकेच्या माथ्यावर तो लागायचाच. दुसरी गुरुजींनी वेगळ्याच कारणानं केली होती. ते बौद्ध. आमच्या भागातली पुष्कळ घरं छप्पन्ननंतर बौद्ध झाली होती, पण त्यांनी पत्रिका छापायला टाकली, की छापखान्यात माथ्यावर लावायला ठसा निघायचा तो गणपतीचाच. नको म्हटलं, तर तेवढी जागा कोरी राहायची. गुरुजींच्या धाकट्या बहिणीचं लग्न कारध्याच्या मुलाशी ठरलं होतं. तिच्या पत्रिकेसाठी त्यांनी जाळीवर बुद्धाचं चित्र काढायला घेतलं.

तेव्हा आम्ही सुतारी सरसानं चित्र करायचो. जिथून शाई उतरायला नको तिथं जाळीची भोकं बारीक ब्रशनं सरस भरून बुजवायची. उरलेल्या जागेतून शाई कागदावर उतरते. म्हणजे चित्र जाळीवरच असतं, दुसरीकडे कुठं नसतं. गुरुजींनी त्याला चार रविवार घातले. मागे पिंपळाचं एकच मोठं पान, पुढे बसलेली मूर्ती, चिवराची एकेक घडी केसाएवढी. मी म्हटलं, एक नमुना काढून पाहू.

"नाही. पहिला छाप माया बहिणीच्याच पत्रिकेवर. तोवर शाई लावाची नाही."

चौकट वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी कपाटावर ठेवली.

पुढच्या आठवड्यात कापड दुकानाच्या थैल्यांचं काम आलं. दुकान दोन दिवसांनी उघडणार होतं. थैल्यांच्या चौकटीची जाळी बिजागरीच्या खिळ्यात अडकून टर्रकन फाटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पहिल्या बसनं नागपूर गाठलं, तर जाळीवाल्याच्या दुकानाला कुलूप. त्याच्या घरी लग्न. पूर्ण मीटर घ्यायला दुसऱ्या दुकानात जाता आलं असतं. त्यात थैल्यांची सगळी कमाई गेली असती, म्हणून गेलो नाही. दुपारी परत आलो आणि पाणी तापत ठेवलं. कढत पाण्यानं सरस निघतो आणि जाळी पुन्हा कोरी होते.

आता जे सांगायचं ते हे. मी आधी गणपतीची चौकट घेतली होती. ती हाताशी होती, मापाचीही होती. शिवाय तो गणपती गुरुजींनी एका दुपारी काढलेला, पुन्हा काढायला दुपारच लागली असती. किटली उचलली आणि हात वर गेला नाही. लहानपणापासून ज्याला हात जोडले, त्याच्यावर उकळतं पाणी कसं ओतायचं? चौकट भिंतीला टेकवून ठेवली. मग कपाटावरची काढली, कागद सोडला आणि तिच्यावर पाणी ओतलं. तिथं हात अडखळला नाही. चार रविवारांचं काम होतं, एका बाईच्या लग्नाचं होतं, हे मला माहीत होतं. तरी अडखळला नाही. पुढे मी स्वतःला पुष्कळ समजावलं, की गणपतीला गिऱ्हाईक जास्त, म्हणून मी धंद्याचा विचार केला. तसा काही विचार मी केला नव्हता.

जाळी थैल्यांच्या चौकटीवर ठोकली, दुकानाचं नाव फाटक्या जाळीवरून मीच गिरवलं, थैल्या वेळेवर गेल्या. रविवारी गुरुजी आले आणि कपाटाकडे पाहू लागले.

"उंदरांनी खाल्ली," मी म्हणालो. "सरसासाठी. जाळी पार कुरतडली होती, फेकून दिली." थैल्यांची नवी जाळी इतवारीच्या पोत्यातली, असंही सांगून टाकलं.

हे अगदीच अशक्य नव्हतं. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा असतो, उंदीर तो आवडीनं खातात. गुरुजींनी कपाटावरून हात फिरवून पाहिला. मग भिंतीला टेकवलेल्या गणपतीकडे त्यांची नजर गेली.

"इमानदार हाय गा उंदीर! मालकाले सोडलं, पाहुण्याले खाल्लं."

उंदीर गणपतीचं वाहन, म्हणून हा विनोद. त्यांनी तो मला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून केला होता. आणि मी हसलो. मोठ्यानं हसलो. चित्र धुतल्यापेक्षा तो हसण्याचा आवाज मला पुढे जास्त वर्षं ऐकू येत राहिला.

लग्नाला दिवस थोडे होते. गुरुजींच्या शाळेत परीक्षा सुरू झाल्या. पत्रिका नुसत्या अक्षरांत छापली, माथा कोरा ठेवून. ते चित्र त्यांनी पुन्हा काढलं नाही. उलट उंदरांचा बंदोबस्त मनावर घेतला. प्रत्येक चौकट आढ्याला तारेनं टांगली आणि तारेवरून उंदीर उतरू नये म्हणून मध्ये पत्र्याचे उलटे शंकू लावले. सापळे आणले. धंदा चालत राहिला. इतवारीचं पोतं उपसताना बऱ्या आकाराचा तुकडा हाताला लागला, की तो गुरुजींसाठी घ्यावा, म्हणावं, पुन्हा काढा, असं दर वेळी मनात यायचं. मग ते 'काहून?' म्हणून विचारतील, या भीतीनं मी तो दुसऱ्याच कामाला लावायचो.

अशी नऊ वर्षं. नंतर एका रविवारी ते गोड्या तेलाचा रिकामा डबा घेऊन आले. जुने शंकू गंजले होते म्हणून नवे कापायला. खाली मांडी घालून कात्रीनं पत्रा कापत होते, पत्र्याची धार लागून अंगठ्यातून रक्त आलं होतं, ते चोखत पुन्हा कापत होते. ते पाहवलं नाही.

"गुरुजी, राहू द्या. उंदीर नव्हता."

"कोणता?"

"तुमच्या चित्राचा. मीच धुतलं होतं. थैल्यांसाठी जाळी पाहिजे होती."

कात्री थांबली. त्यांनी आढ्याकडे पाहिलं, टांगलेल्या सगळ्या चौकटींकडे.

"म्हणजे नऊ वर्षं मी उंदरांवर खोटा आळ घेऊन राहिलो? अबे, पंचशील घेतलेला माणूस मी, किती मारले!"

मला वाटलं, संपलं, हसण्यावारी गेलं. पण ते हसत नव्हते.

"गणपतीची काहून नाही धुतली? मापाची तर तीही होती."

हा प्रश्न येणार हे मला नऊ वर्षं माहीत होतं. उत्तरंही दोन-तीन तयार होती. त्यातलं एकही दिलं नाही. जे झालं होतं ते सांगितलं, किटलीसकट. ते ऐकत असताना पत्र्याची कड बोटानं दाबून दाबून सपाट करत होते.

"हे मले माहीत नव्हतं," ते म्हणाले. "पण नवीन नाही वाटलं."

मी खाली पडलेले पत्र्याचे तुकडे गोळा करू लागलो. तेच पुढे म्हणाले, "मले सांगून तुयं वजन उतरलं. बरं झालं. मायं नाही उतरलं अजून. बहिणीले सांग. तिनं उंदीर कधी मानलाच नाही. ती म्हणते, दादाले गावभरच्या पत्रिका कराले वेळ होता, मायी कराले नव्हता. भेटलो का टोमणा."

हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या खोट्याचा भार माझ्याच डोक्यावर आहे, असं मी धरून चाललो होतो. तो नऊ वर्षं त्यांनी वाहिला होता, तोही का ते माहीत नसताना.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं कारध्याला गेलो. बहीण अंगणात खाटेवर वड्या घालत होती. हात पिठानं भरलेले. भावाला पाहताच म्हणाली, "ये दादा. आज कोणाच्या पत्रिका नाही का छापाच्या?"

"आज नाही. याचं ऐक."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसलो असतो तर सांगता आलं नसतं. ती वड्या घालायची थांबली नाही, फक्त हात हळू झाला. गणपतीचं आलं तेव्हा थांबली.

"आन तुम्ही हासलेही होते म्हणे, उंदराच्या गोष्टीवर? दादानं सांगतलं होतं तेव्हा."

"हसलो होतो."

"ते वाईट केलं, भाऊ."

"हो."

मग ती भावाकडे वळली. "आन तू! उंदरानं खाल्ली म्हनल्यावर फाटकी जाळी पाहाची नव्हती का? मास्तर हायेस ना?"

"दोस्तानं सांगतलं, मानलं."

"मग मले काहून नाही म्हटलं जोर देऊन? मी इतकी बोलत होतो, तू खाली मान घालून ऐकत होता!"

"चित्र तर झालं नव्हतं ना तुया पत्रिकेवर. बोलणं खरंच वाटे."

तिनं पाठमोरं होऊन दोन-तीन वड्या घातल्या, वेड्यावाकड्या. वळली तेव्हा डोळे पुसायला मनगट वापरत होती, कारण बोटं पिठाची होती.

"बस दादा, चहा ठेवतो," ती म्हणाली. आणि मला, "तुमचा राग हाय मले. सांगून ठेवतो. पण दादावरचा गेला."

"माफी माग मंग मायी," गुरुजी म्हणाले.

"नाही मांगत. मोठा आला!"

चहा तिघांनी घेतला. ती भावाशी बोलत राहिली; आईच्या दुखण्याचं, पोराच्या शाळेचं, कुठलं कुठलं. इतकी बोलली की गुरुजींना मध्ये शब्द घालायला जागा मिळेना, आणि ती त्यांना नकोही होती. माझ्याशी ती फार बोलली नाही. निघताना एवढंच म्हणाली, "याल कधी."

वैनगंगेच्या पुलावरून मी एकटाच भंडाऱ्याला चालत गेलो. गुरुजी मुक्कामाला थांबले. नदीला पाणी कमी होतं, वाळूत टरबुजाचे वेल पसरले होते. तिचा राग मी घेऊन चाललो होतो, पण तो खरा होता, माझ्या नावाचा होता, आणि ज्याच्यावर चुकून नऊ वर्षं पडला होता तो माणूस मागे बहिणीच्या अंगणात बसून वड्या वाळताना पाहत होता. स्टँडवर लाखनीची बस खच्चून भरलेली मिळाली. दांड्याला धरून घरापर्यंत उभा राहून आलो. पाय दुखताहेत हे दुकानाची पायरी चढताना कळलं.