हजर दाखवू

सरांनी माझ्या हातातली काचेची ब्युरेट काढून घेतली आणि शेजारच्या मुलीला दिली. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. अख्खी बॅच उभी. मी काही चुकले नव्हते. मी अजून सुरुवातच केली नव्हती.

"सोड, फुटेल. तू मैदानावर जा, चेंडू फेक," सर म्हणाले. "तुमचं बरं असतं. एकदा जन्मावर मिळतं, एकदा खेळावर."

बॅच हसली. सरही हसले. त्यांना खरंच वाटत होतं की आपण गंमत केली. मी हात एप्रनला पुसले. हात कोरडेच होते.

हो, मी राखीव जागेवर आले. त्यात लपवायचं काय? आमच्या घरी आजीच्या पिढीनं धम्मदीक्षा घेतली, आणि ती जागा कुणी आम्हाला सणाची ओवाळणी म्हणून दिलेली नाही. पण हे त्या दिवशी मला बोलता आलं नाही. हॉस्टेलवर येऊन भिंतीकडे तोंड करून पडले, आणि कुणी विचारलंही नाही काय झालं म्हणून.

सॉफ्टबॉल मला आमच्या गावी, कुहीच्या शाळेत सापडला. मी पिचर. चेंडू टाकणारी. हात पूर्ण गोल फिरवून कंबरेशेजारून चेंडू सोडायचा, समोरच्या मुलीला कळायच्या आत तो कॅचरच्या हातात गेला पाहिजे. पिचर मैदानाच्या मधोमध उभी असते. सगळ्यांचे डोळे तिच्यावर, जवळ मात्र कुणी नाही. मला त्याची सवय करावी लागली नाही.

तिसऱ्या वर्षी विद्यापीठांच्या भारतीय संघात निवड झाली. तैवानला गेलो. संघातल्या मुली वाईट नव्हत्या, कुणी शिवी दिली नाही. फक्त आडनाव विचारून झालं की पुढचं बोलणं आपोआप संपायचं. सामना जिंकला की धावत येऊन गळ्यात पडायच्या, कारण मैदानावर तसं करतात. जेवायच्या टेबलावर तसं करत नाहीत. ताट घेऊन मी खिडकीशी बसायचे. पदक गळ्यात पडलं तेव्हा फोटो काढायला सगळ्या होत्या, खोलीवर परतताना मी एकटी होते.

त्याच आठवड्यात इकडे कॉलेजात प्रॅक्टिकलची परीक्षा झाली. माझी राहिली.

परत आल्यावर कॉलेजनं सत्कार ठेवला. शाल, नारळ, हॉल भरलेला. आईबाबांना पहिल्या रांगेत बसवलं. बाबा नागपुरात लकडगंजला आरा मशीनवर आहेत, त्यांनी नवा शर्ट घातला होता. प्रयोगशाळेतले तेच सर माइकवर आले, आता ते विभागप्रमुख झाले होते.

"हिची परीक्षा आम्ही घेणारच नाही," ते म्हणाले. "हजर दाखवू, मार्क देऊन टाकू. कॉलेजला पदक आणून दिलं, आणखी काय हवं तिच्याकडून?"

टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात माझ्या बाबांनी वाजवल्या.

खेळाचे वाढीव गुण नियमानं मिळतात, ते मी घेणारच होते. हे ते नव्हतं. तीन वर्षं त्या प्रयोगशाळेत मी उभी होते, आणि हा माणूस सांगत होता की मी असले काय नि नसले काय, सारखंच. राखीव जागा हक्क होती. हे दान होतं. आणि दान घेतलं की त्या दिवशीचं त्यांचं वाक्य मी स्वतःच्या हातानं खरं करणार होते.

मी माइक घेतला.

"सर, मी परीक्षा देणार. गैरहजर होते, तर गैरहजर दाखवा."

सरांचा चेहरा उतरला. मग थंडपणे म्हणाले, परीक्षा आता पुढच्या वर्षी. म्हणजे निकाल अडकला. एम.एस्सी.चा प्रवेश गेला. मला ते माइक उचलतानाच माहीत होतं.

गावी आमच्या वस्तीत तोवर फ्लेक्स लागला होता. माझा फोटो, पदक, आणि खाली 'बी.एस्सी. उत्तीर्ण झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. सरांची घोषणा ऐकून बाबांच्या दोस्तानं हॉलमधूनच फोन करून छापायला टाकला होता. निकाल लागायच्या आधी फ्लेक्स लावायची घाई आमच्याच वस्तीत व्हायची.

आई रडायला लागली. "सारे देऊन राहिले होते, तं घेऊन टाकाचं नं वं. तुले काहून एवढी आग?"

मी सांगून पाहिलं. तिला पटलं नाही. बाबांनी शिडी लावून फ्लेक्स उतरवला, घडी घातली. शेजारचे दारात उभे राहून बघत होते. मग बाबा खाली येऊन एवढंच म्हणाले, "मी टाळ्या वाजोल्या. मले समजलं नाही, बाई."

ते वर्ष मी एकटीनं काढलं. कॉलेजचे सॉफ्टबॉल प्रशिक्षक माझ्याशी बोलायचे बंद झाले. त्यांच्या मते मी कॉलेजचं नाक कापलं होतं. बरोबरीच्या मुली एम.एस्सी.ला गेल्या. सकाळी मैदानात भिंतीवर चेंडू टाकायचे, कारण पकडायला कॅचर नव्हती. दुपारी वाचनालय. आठवडेच्या आठवडे माझा आवाज मला ऐकू यायचा नाही. कितीदा वाटलं, आई बरोबर होती. हे खोटं सांगणार नाही.

परीक्षा दिली. पास झाले. सर देणार होते त्यापेक्षा कमीच मार्क मिळाले असतील. पण ते माझे आहेत.

आता मी दुसऱ्या कॉलेजात एम.एस्सी. करते, अजून चेंडू टाकते, अजून एकटीच जेवते. पुढे प्राध्यापक व्हायचं आहे, आणि व्हायचं आहे ते सरांच्या त्याच विभागात. जागा निघेल तेव्हा अर्ज करीन. राखीव असली तर राखीव म्हणून करीन, मान वर करून. नाकारलं तर कारण विचारीन, सगळ्यांसमोर, आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलणार नाही.